रमण राघवची फाशी नेमकी कोणत्या आधारावर रद्द झाली?

मृणाल_वाचक:

नमस्कार. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मुंबईतील जुन्या फौजदारी खटल्यांवर चर्चा ठेवली आहे आणि रमण राघवच्या खटल्याची मांडणी माझ्या वाट्याला आली आहे. हाती येईल ते वाचत आहे; परंतु बहुतेक लेखनात काळोख, लोखंडी पहार आणि धास्तावलेली मुंबई एवढेच पुन्हा पुन्हा येते आणि न्यायालयात काय घडले ते दोन-तीन वाक्यांत उरकलेले असते. माझी अडचण नेमकी त्या दोन-तीन वाक्यांपाशी आहे.

मला समजलेला घटनाक्रम असा. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, ज्याला जुनी माणसे जीआयपी लाइन म्हणत त्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, मार्गालगत, रस्त्याच्या कडेला आणि झोपड्यांत झोपलेल्या १९ जणांवर रात्री हल्ले झाले आणि त्यांपैकी ९ जण दगावले. त्याच सुमारास रमण राघव संशयावरून पोलिसांच्या हाती लागला होता. जबरी चोरीच्या गुन्ह्यात पाच वर्षांची शिक्षा भोगलेला माणूस म्हणून त्याची नोंद दप्तरी होती, पण खुनांशी जोडणारा पुरावा नसल्याने त्याला सोडून द्यावे लागले. १९६८ मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत तशाच पद्धतीचे खून सुरू झाले आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी त्याला अटक झाली. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, त्याने अपील केले नाही, तरीही पुढे उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि १९९५ मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावला.

आता प्रश्न. तो मनोरुग्ण होता असे जर उच्च न्यायालयाला पटले, तर त्याची निर्दोष मुक्तता व्हायला हवी होती. आणि तो मनोरुग्ण नव्हता असे जर मानले, तर फाशी रद्द करण्याचे कारण उरत नाही. मग जन्मठेप हा मधला मार्ग कोठून आला? त्याने अपीलच केले नव्हते, तर प्रकरण उच्च न्यायालयात गेले तरी कसे? दुसरे असे की, बळींचा आकडा कोणी ९ देतो, कोणी २३, कोणी ४१. मांडणीत कोणता आकडा घ्यावा? कायदा आणि मानसशास्त्र या दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शिरीष_फौजदारी:

मृणालताई, आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण वर्तमानपत्री लेखनात ‘वेडा ठरला’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळे प्रश्न कोंबले जातात. गुन्हा करताना आरोपीच्या मनाची स्थिती काय होती, हा पहिला प्रश्न. खटला चालू असताना स्वतःचा बचाव करण्याइतके त्याचे मन ठिकाणावर आहे का, हा दुसरा. आणि सुनावलेली शिक्षा, त्यातही फाशी, अशा माणसावर बजावता येते का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे एकाच माणसाबाबत वेगवेगळी येऊ शकतात, आणि रमण राघवच्या बाबतीत तसेच घडले.

खटला उभा राहिला तो मालाडच्या चिंचवली गावातील दोघा जणांच्या खुनाबद्दल, भारतीय दंडविधानाच्या कलम ३०२ खाली. २ जून १९६९ रोजी अतिरिक्त सत्र न्यायाधीशांसमोर सुनावणी सुरू होताच बचाव पक्षाच्या वकिलांनी अर्ज दिला, की आरोपीचे मन ठिकाणावर नसल्याने तो स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे आणि गुन्ह्याच्या वेळीही त्याची अवस्था हीच होती. म्हणजे पहिले दोन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी न्यायालयापुढे ठेवले गेले होते. न्यायाधीशांनी त्याला मुंबईच्या पोलीस सर्जनकडे निरीक्षणासाठी पाठवले. २८ जून ते २३ जुलै असे निरीक्षण झाले आणि अभिप्राय आला, की आरोपी मनोविकाराने पीडित नाही, मतिमंदही नाही, त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे, आपण काय केले हे त्याला कळते आणि आपल्यावर कशासाठी खटला चालला आहे हेही कळते. या अभिप्रायावर खटला पुढे चालला. आरोपीने गुन्हा कबूल केला.

बचाव पक्षाने मग नायर रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना साक्षीसाठी बोलावले. त्यांनी ५ ऑगस्ट १९६९ रोजी आर्थर रोड तुरुंगात आरोपीची मुलाखत घेतली होती. त्यांची साक्ष अशी होती, की आरोपीला दीर्घकाळापासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे छळाचे भ्रम पक्के करणारा मनोविकार, आहे. आपण माणसे मारत आहोत एवढे त्याला कळत होते, परंतु ते कृत्य वाईट आहे किंवा कायद्याविरुद्ध आहे हे त्याला कळत नव्हते. साक्षीतला हा शेवटचा भाग नीट लक्षात ठेवावा, कारण तो थेट कलम ८४ च्या शब्दांना जाऊन भिडतो.

कलम ८४ चा आशय असा, की मनोविकलतेमुळे ज्याला कृत्य करतेवेळी त्या कृत्याचे स्वरूप कळत नव्हते, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. इंग्लंडमध्ये १८४३ साली मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या खासगी सचिवाला गोळी घातली, त्या खटल्यानंतर ठरलेले नियम या कलमाच्या मुळाशी आहेत. म्हणजे आधुनिक मनोविकारशास्त्राचा जन्म होण्याच्या आधीची ही कसोटी आहे आणि आजही नव्या न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये ती जवळजवळ जशीच्या तशी उभी आहे. ही मनोविकलता सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र सरकार पक्षाला गुन्हा संशयातीत सिद्ध करावा लागतो, तेवढा जड हा भार नसतो. शक्याशक्यतेच्या तराजूत पारडे आपल्या बाजूला झुकले तरी पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दह्याभाई ठक्कर खटल्यात स्पष्ट केले होते. रमण राघवच्या वकिलांना तेवढेही जमले नाही. न्यायालयापुढे एकीकडे सुमारे चार आठवड्यांचे सरकारी निरीक्षण होते आणि दुसरीकडे तुरुंगात घेतलेली एक मुलाखत. न्यायालयाने त्याला दोषी धरले आणि फाशी सुनावली.

आता आपला अपिलाचा प्रश्न. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. आरोपीने अपील करो वा न करो, कागदपत्रे उच्च न्यायालयाकडे जातातच. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद होती, १९७३ च्या संहितेत ती राहिली आणि आजही आहे. रमण राघवने अपील नाकारले तरी त्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले ते या वाटेने. तिथे न्यायमूर्तींनी शिक्षेवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी सर्जन जनरलना तीन मनोविकारतज्ज्ञांचे विशेष मंडळ नेमण्यास सांगितले. मंडळाने त्याच्याशी पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास, संभाषण केले आणि तो मनोविकाराने ग्रस्त आहे, स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे असा निष्कर्ष काढला. त्याला येरवडा कारागृहात ठेवून पुण्यातच मनोरुग्णालयाचे उपचार चालू राहिले. तो कधीही बरा होणार नाही असे पुढे डॉक्टरांनी सांगितले आणि ४ ऑगस्ट १९८७ रोजी उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली.

तेव्हा जन्मठेप हा ‘मधला मार्ग’ म्हणून निघालेला नाही. गुन्हा त्यानेच केला आणि त्याची जबाबदारी त्याचीच, हा निष्कर्ष अखेरपर्यंत उभा राहिला. बदलला तो त्या जबाबदारीची किंमत काय असावी याचा हिशेब.

जुने_मालाडकर:

शिरीष यांनी खटल्याची बाजू उत्तम मांडली आहे. मी त्या काळाबद्दल आणि अटकेबद्दल थोडे लिहितो, कारण माझे बालपण मालाडला गेले आणि १९६८ मध्ये मी आठवण राहण्याइतक्या वयाचा होतो.

आजचे मालाड डोळ्यांसमोर आणून त्या भीतीचा अंदाज येणार नाही. स्टेशनपासून थोडे दूर गेले की शेते, खाजण, तबेले, खाणी आणि मध्येच कुडाच्या किंवा पत्र्याच्या झोपड्या असत. उकाडा असला की माणसे सर्रास उघड्यावर बाज टाकून झोपत. दाराला कडी असली तरी ती हाताच्या एका धक्क्याने निघेल अशी. ज्यांच्याकडे चोरण्यासारखे काही नव्हते, ज्यांचे कोणाशी वैर नव्हते, अशी माणसे झोपेतच डोक्यात घाव बसून मेलेली सापडू लागली, तेव्हा लोकांना त्याचा अर्थच लागेना. तरुण मुले लाठ्या घेऊन रात्रभर गस्त घालत आणि जाताना विजेच्या खांबावर ठोके देत. तो आवाज आला की घरातल्या बायका ‘मुले जागी आहेत’ म्हणून निर्धास्त होत. या गस्तीचा दुसरा भागही सांगायला हवा. अनोळखी फिरस्ता दिसला की त्याला धरून मारहाण होई, आणि अशा मारहाणीत कितीतरी निरपराध भिकाऱ्यांची आणि फिरस्त्यांची हाडे मोडली. अफवा तर अशा होत्या, की हा माणूस मांजर होतो, पोपट होतो आणि फटीतून आत शिरतो.

तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे तेव्हाचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली होती. मानवत येथील नरबळींच्या खून प्रकरणाचा तपासही पुढे त्यांनीच केला. त्यांनी शहरभर मोठी शोधमोहीम लावली. पण प्रत्यक्ष माणूस हाती लागला तो ॲलेक्स फियालो या उपनिरीक्षकाच्या नजरेमुळे. त्यांनी जुने छायाचित्र आणि वर्णन इतके पक्के लक्षात ठेवले होते, की रस्त्याने चाललेला माणूस पाहताच त्यांना संशय आला. त्यांनी तिथल्याच दोघा जणांना पंच म्हणून बोलावून झडती घेतली. त्या माणसाने आपले नाव सिंधी दलवाई असे सांगितले. दप्तरातील बोटांचे ठसे जुळवल्यावर तो रमण राघवच असल्याचे सिद्ध झाले. अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशी आणखीही नावे त्याच्या नावापुढे लागलेली होती. तो मूळचा तमिळनाडूतील तिरुनेलवेलीकडचा.

झडतीत त्याच्याजवळ काय सापडले ती यादी मला आजही अस्वस्थ करते. एक चष्मा, दोन कंगवे, एक कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड, आणि आकडेमोड केलेले दोन कागद. अंगातील बुशशर्टवर आणि खाकी अर्ध्या चड्डीवर रक्ताचे डाग, बुटांना चिखल. ज्याच्या भीतीने लाखो माणसे जागत होती, त्याचा सगळा संसार एवढाच होता.

पुढचा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो, पण तो सनसनाटी म्हणून सांगितला जातो. अटकेनंतर तो काही बोलेना. पोलिसांनी हरतऱ्हेने विचारून पाहिले. अखेर तुला काय हवे असे विचारल्यावर तो म्हणाला, कोंबडी. ती दिली, ती खाल्ल्यावर आणखी मागितली, तीही दिली. मग डोक्याला लावायला तेल, कंगवा आणि आरसा मागितला. तेल चोळून, केस विंचरून, आरशात स्वतःला न्याहाळून झाल्यावर त्याने पोलिसांनाच विचारले, की तुम्हाला काय पाहिजे. खुनांबद्दल माहिती पाहिजे, असे त्यांनी सांगितले. बरे, म्हणाला, आणि उपनगरातल्या झुडपांपर्यंत त्यांना घेऊन गेला, जिथे त्याने लोखंडी पहार दडवली होती.

डॉ_मानसी_पुणे:

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. हे प्रकरण आमच्या विद्यार्थ्यांना न्यायवैद्यक मानसोपचार शिकवताना आजही उपयोगी पडते, म्हणून सविस्तर लिहिते.

उच्च न्यायालयाने नेमलेल्या मंडळाने जे भ्रम नोंदवले ते तुटक नव्हते. त्याच्या मते दोन जगे होती. एक ‘कानून’चे जग आणि दुसरे हे, ज्यात तुम्ही-आम्ही राहतो. तो स्वतः कानूनचा प्रतिनिधी होता, एक शक्ती होता. देशात तीन सरकारे चालू आहेत, अकबराचे, ब्रिटिशांचे आणि काँग्रेसचे, आणि ही तिन्ही सरकारे आपल्या मागावर आहेत, आपल्याला मोह घालत आहेत, असे त्याला ठामपणे वाटे. सरकारनेच आपल्याला चोऱ्या करण्यासाठी मुंबईला आणले असे तो सांगे. लोक आपल्याला पुरुषाची स्त्री करू पाहत आहेत, पण आपण कानूनचे असल्यामुळे त्यांना ते साधत नाही, हा त्याचा आणखी एक पक्का समज होता आणि ‘मी १०१ टक्के पुरुष आहे’ हे तो पुन्हा पुन्हा बोलून दाखवी. शेवटच्या भेटीनंतर मंडळाच्या सदस्यांनी निरोप घेताना हात पुढे केला, तेव्हा त्याने हात मिळवण्यास नकार दिला. या दुष्ट जगातल्या माणसांना कानूनचा प्रतिनिधी शिवत नाही, असे कारण त्याने दिले.

या मांडणीत एक घट्ट रचना आहे. प्रत्येक समज दुसऱ्याला आधार देतो आणि बाहेरचा कोणताही पुरावा त्याला धक्का लावू शकत नाही. पॅरानॉइड स्किझोफ्रेनियामध्ये असेच होते. आजार सगळ्या मनाला सारख्या प्रमाणात ग्रासत नाही. स्मरणशक्ती उत्तम असते, तारीख-वार सांगता येतात, हिशेब जमतो, रस्ते लक्षात राहतात, बोलणे सुसंगत वाटते. म्हणूनच पोलीस सर्जनच्या अभिप्रायातील ‘स्मरणशक्ती शाबूत, बुद्धी सर्वसाधारण’ हे शब्द मला खोटे वाटत नाहीत. ते खरेच असणार. परंतु त्या दोन गोष्टी शाबूत असल्या म्हणजे मन निरोगी आहे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही, आणि १९६९ मध्ये तो काढला गेला याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्याला भ्रमांपर्यंत पोहोचायचे आहे त्याला रुग्णासमोर तासन्‌तास बसावे लागते, त्याचा विश्वास कमवावा लागतो. तीन तज्ज्ञांनी एकूण दहा तास दिले, तेव्हा ते जग बाहेर आले.

तो सोंग करत होता का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सोंग करणाऱ्याला त्यातून काहीतरी पदरात पाडून घ्यायचे असते. या माणसाने गुन्हा कबूल केला, हत्यार स्वतः काढून दिले आणि फाशीविरुद्ध अपील करण्यास नकार दिला. वेड्याचे सोंग घेऊन सुटू पाहणारा माणूस यांतली एकही गोष्ट करणार नाही. शिवाय जे भ्रम त्याने सांगितले ते वेडाच्या लोकप्रिय कल्पनेशी जुळत नाहीत. लोकांना वेड म्हणजे असंबद्ध बडबड आणि आरडाओरडा वाटतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगते आणि आपल्या वाचनगटातही ती सांगावी अशी विनंती आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या बहुसंख्य व्यक्ती कोणावर कधीही हात उगारत नाहीत. उलट त्याच मारहाणीच्या आणि फसवणुकीच्या बळी ठरतात. रमण राघवच्या नावामुळे या आजाराकडे पाहण्याची जी नजर तयार झाली आहे तिचा त्रास आमच्याकडे येणाऱ्या साध्या, घाबरलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या आईवडिलांना सोसावा लागतो. त्याच्याबद्दल बोलताना आजाराचे नाव घ्यावे, पण आजार आणि खून यांच्यात बरोबरीचे चिन्ह मांडू नये.

मृणाल_वाचक:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. फाशी कायम करण्याच्या प्रक्रियेबद्दल मला काहीच ठाऊक नव्हते. डॉक्टरांचे म्हणणे पटते, तरी एक गाठ सुटत नाही. त्याने पहार झुडपात दडवली, हल्ले रात्री केले, झोपलेली माणसे निवडली, अटक होताच नाव खोटे सांगितले. आपण करतो ते कायद्याला मान्य नाही हे ज्याला कळत नाही, तो माणूस हे सगळे का करील? कलम ८४ च्या दृष्टीने सत्र न्यायालय बरोबरच नव्हते का?

शिरीष_फौजदारी:

माझ्या मते कलमाच्या शब्दांत राहून पाहिले तर सत्र न्यायालयाचा निकाल समजण्यासारखा आहे. लपवाछपवी, पळ काढणे, खोटे नाव सांगणे यांना न्यायालये नेहमीच महत्त्व देतात, कारण गुन्ह्याच्या क्षणी मनात काय होते याचा तोच एक बाहेरून दिसणारा पुरावा असतो. शिवाय हत्यार त्याने स्वतः काढून दिले. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण त्या माहितीवरून जी वस्तू सापडते तेवढा भाग त्या काळच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ नुसार चालतो, आणि तो भाग सरकार पक्षाला बळ देणारा असतो.

मात्र लपवाछपवीचा दुसराही अर्थ लागू शकतो. तीन सरकारे आपल्या मागावर आहेत असे ज्याला खात्रीने वाटते, तो लपूनच वावरणार आणि नाव खोटेच सांगणार. त्याचे लपणे कायद्याच्या भीतीने होते की छळाच्या भ्रमाने, हे बाहेरून सारखेच दिसते. कलम ८४ या दोन्हींत भेद करण्यासाठी घडवलेले नाही. ते फक्त ‘कळत होते का’ एवढे विचारते. ‘कळूनही स्वतःला आवरता येत होते का’ किंवा ‘ज्या जगात तो राहत होता त्या जगात त्याचा अर्थ काय होता’ हे विचारत नाही. कायद्यातील ही उणीव आहे असे मी मानतो.

आपल्या देशाबाहेरही हेच घडलेले आहे. इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफवर १९८१ मध्ये १३ स्त्रियांच्या खुनाचा खटला चालला. मनोविकारतज्ज्ञांनी त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले, तरी ज्यूरीने ते मानले नाही आणि तो खुनाचाच दोषी ठरला. पुढे १९८४ मध्ये त्याला तुरुंगातून ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात हलवावे लागले. न्यायालयात हरलेले निदान तुरुंगात मान्य होते, हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे.

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे मनोरुग्णाच्या फाशीवर, कायदा आता पुष्कळ स्पष्ट झाला आहे. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार हे फाशी जन्मठेपेत बदलण्याचे एक कारण मानले, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, कैद्याचे नाव गुप्त ठेवून, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे फाशी रद्द केली. मुंबई उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये जो निर्णय घेतला त्याला तेव्हा असा स्पष्ट आधार नव्हता, म्हणून मला तो धाडसाचा वाटतो.

विनायक_ठाणे:

सगळी चर्चा वाचली. ज्ञानात भर पडली, त्याबद्दल आभार. पण मला आपणा सर्वांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधायचे आहे. अटक १९६८ ची आणि अंतिम निर्णय १९८७ चा. १९ वर्षे. या काळात त्याच्या मनाची तपासणी किती वेळा झाली, कोणी किती तास घेतली हे आपल्याला तपशीलवार सांगता येते. मेलेल्यांच्या घरच्यांचे काय झाले हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? गुरे राखणारे, मजुरीसाठी परप्रांतांतून आलेले, पदपथावर संसार मांडलेले असे हे लोक. त्यांच्यातले कितीतरी ओळख न पटताच जाळले किंवा पुरले गेले असतील. मी फाशीचा समर्थक म्हणून हे लिहीत नाही. डॉक्टरांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु १९६६ मध्ये तो हाती असताना सुटला, तेव्हा मेलेली माणसे मलबार हिलवर राहणारी असती तर तपास तिथेच थांबला असता का, हा प्रश्न मला छळतो.

जुने_मालाडकर:

विनायकराव, आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. त्या वेळी आमच्या भागातील वडीलधारी माणसे हेच बोलत. उपनगरातल्या झोपडीत माणूस मेला तर ती बातमी आतल्या पानावर येई, आणि तशाच घटना रात्रीमागून रात्री घडू लागल्या तेव्हा कोठे ती पहिल्या पानावर आली. पोलिसांची बाजूही सांगायला हवी. हेतू नाही, ओळख नाही, साक्षीदार झोपेतच मेलेला, आणि मारेकऱ्याला घरदार नाही, पत्ता नाही, सगेसोयरे नाहीत. खबऱ्यांकडून माहिती काढण्याची जी पद्धत पोलिसांच्या अंगवळणी पडली होती ती इथे निकामी ठरली, कारण या माणसाला ओळखणारे कोणीच नव्हते. १९६६ मध्ये पुराव्याविना त्याला डांबून ठेवणे कायद्याला धरून झाले नसते. पण सोडल्यावर त्याच्यावर नजर ठेवता आली असती, असे मला आजही वाटते.

डॉ_मानसी_पुणे:

विनायकजींच्या म्हणण्याला माझीही एक पुस्ती. क्लोरप्रोमॅझिन हे औषध १९५० च्या दशकातच वापरात आले होते, म्हणजे १९६६ मध्ये या आजारावर उपचार उपलब्ध होते. पाच वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाची त्या काळात कोणी मानसिक तपासणी केली असती, तर काय झाले असते हे सांगता येणार नाही. पण भ्रम इतके जुने आणि इतके पक्के झाल्यावर औषधाचा गुण फार थोडा येतो, हे मात्र सांगता येते. ‘कधीही बरा होणार नाही’ हा पुढचा अभिप्राय तेव्हा आला, जेव्हा आजाराला कित्येक वर्षे उलटून गेली होती.

शिरीष_फौजदारी:

मृणालताई, आपला आकड्यांचा प्रश्न राहिला होता. मांडणीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे सुचवतो. १९६५-६६ चे १९ हल्ले आणि ९ मृत्यू ही त्या काळची घडलेल्या घटनांची मोजणी आहे. २३ किंवा ४१ हे आकडे त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून पुढे आलेले आहेत, आणि ज्याला देशात अकबराचे सरकार चालू आहे असे वाटत होते त्याने सांगितलेला आकडा पडताळल्याशिवाय इतिहास म्हणून घेता येत नाही. तो खऱ्यापेक्षा मोठा असू शकतो आणि लहानही असू शकतो. ज्या दोन खुनांबद्दल त्याला दोषी धरले गेले ते चिंचवलीचे. शीर्षकात मोठा आकडा घालण्याचा मोह आवरावा आणि ‘दोन खुनांसाठी दोषी, आणखी अनेक खुनांची कबुली’ असे लिहावे. उच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात १९८७ चा निकाल पाहायला मिळाला तर त्यातील वैद्यकीय मंडळाच्या अहवालाचा भाग अवश्य उतरवून घ्या आणि इथेही द्या.